डॉ. फ्रायराइक आणि आपल्या वर्गातला एक बाक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मीही आधी सहली, स्नेहसंमेलने आणि सरांच्या छड्या आठवू लागलो. पण त्या आठवणी इतर मित्रमैत्रिणी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी सारी उमर रक्तपेढीत काढली. म्हणून ज्या एका माणसाच्या कामामुळे माझ्या नोकरीला अर्थ आला, त्याचा इतिहास इथे सांगतो. तो अमेरिकेतला आहे, पण त्याची सुरुवात मला आपल्या आठवी 'ब'च्या वर्गातून करावी लागेल.

१९७४ सालचा श्रावण आठवा. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारा आपला मित्र. त्याचे नाव मी लिहीत नाही. आपल्या तुकडीत ते सर्वांना ठाऊक आहे. प्रार्थनेच्या वेळी त्याचा घोळणा फुटला आणि काही केल्या थांबेना. सरांनी डोक्यावर ओला रुमाल ठेवला, शिपाईकाकांनी कांदा फोडून हुंगायला दिला. नंतर त्याच्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके दिसू लागले, हातापायांवर काळेनिळे डाग उठू लागले. कबड्डीला तो नको म्हणायचा आणि आपण त्याला ढोंगी म्हणायचो. मीही म्हटले आहे. गणपतीनंतर त्याला मुंबईला नेले. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली, तेव्हा तो बाक रिकामा होता. रक्ताचा कर्करोग होता आणि शेवटी मेंदूत रक्तस्राव झाला, एवढे त्याच्या वडिलांनी हेडसरांना सांगितले. त्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी धडा बाजूला ठेवून फळ्यावर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका काढून दाखवल्या होत्या. 'या पट्टिका कमी झाल्या की रक्त थांबत नाही,' असे त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य माझ्या मनात राहिले.

आज रक्तपट्टिका हा शब्द कोणी वापरत नाही. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की आपल्याकडे घराघरांत 'प्लेटलेट किती?' हाच प्रश्न असतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. रक्तवाहिनीला कुठे छिद्र पडले की त्या तिथे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि बूच बसवतात. ल्यूकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, बिघडलेल्या पांढऱ्या पेशी मगजातली सारी जागा व्यापतात आणि प्लेटलेट तयार व्हायला वावच उरत नाही.

प्लेटलेटचे हे काम इटलीतल्या तुरीन येथील ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली ओळखले. १९१० साली बॉस्टन येथे विल्यम ड्यूक यांनी प्लेटलेट फार कमी झालेल्या एका तरुणाला दुसऱ्याचे ताजे रक्त दिले आणि त्याचा रक्तस्राव थांबल्याचे दाखवले. आपल्यापैकी ज्यांची लहानपणी शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांना कानाच्या पाळीला टोचून टिपकागदाने रक्त टिपण्याची ती 'बी.टी.'ची तपासणी आठवत असेल. ती पद्धत याच ड्यूक यांची. म्हणजे प्लेटलेट दिल्या तर रक्त थांबते, हे १९१० मध्येच कळले होते. तरी पुढची ४५ वर्षे ल्यूकेमियाची मुले रक्तस्रावाने जातच राहिली. कारण कळणे वेगळे, आणि दर वेळी, प्रत्येक रोग्याला, पुरेसे देता येणे वेगळे.

ही दरी बुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डॉ. एमिल फ्रायराइक. जन्म शिकागोचा, १६ मार्च १९२७. आईवडील हंगेरीतून आलेले. एमिल दोन वर्षांचे असताना वडील गेले आणि आईने कारखान्यात राबून मुलांना वाढवले. गरीब वस्तीतल्या या मुलाने कॉलेजची पायरी चढावी असे घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते स्वप्न पाहिले त्यांच्या हायस्कुलातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी. विज्ञानाच्या स्पर्धेत या मुलाची चमक पाहून, तू कॉलेजात गेलेच पाहिजेस, असे त्यांनी बजावले. त्यासाठी २५ डॉलर हवे होते. तेही घरात नव्हते. आईच्या ओळखीतल्या एका बाईंनी दिले. त्या पैशांवर १६ वर्षांचा एमिल इलिनॉय विद्यापीठात पोचला आणि १९४९ साली डॉक्टर झाला. हा प्रसंग मी मुद्दाम लिहितो, कारण ही स्मरणिका आपले गुरुजन वाचणार आहेत. 'तू पुढे शीक' एवढे एक वाक्य वर्गात बोलून शिक्षक विसरून जातात. ते कुठवर जाते, हे त्यांना कळतही नाही.

१९५५ साली फ्रायराइक वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुजू झाले. पहिल्या दिवशी खोलीच्या दारावर त्यांना 'एमिल फ्राय' अशी पाटी दिसली. सरकारी कारभार, नाव अर्धेच रंगवले, असे त्यांना वाटले. आत गेल्यावर कळले की त्या नावाचे दुसरे डॉक्टर खरोखरच तिथे बसतात. एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक, अशी ही जोडी पुढे दहा वर्षे एकत्र राबली. फ्राय शांत, सबुरीचे. फ्रायराइक धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, तोंडावर बोलणारे. वरिष्ठ डॉ. गॉर्डन झुब्रोड यांनी फ्रायराइकना मुलांच्या ल्यूकेमियाचे काम दिले.

त्या वॉर्डाची वर्णने वाचवत नाहीत. मुलांच्या नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून, शौचातून रक्त जायचे. उशांचे अभ्रे, परिचारिकांचे पांढरे गणवेश रोज रक्ताने भरायचे. रोग कळल्यापासून मूल काही आठवडे, फार तर काही महिने काढायचे. अशा वॉर्डात डॉक्टर सहसा दोन गोष्टी करत: वेदना कमी करत, आणि मुलांशी फार जवळीक होऊ देत नसत.

फ्रायराइकनी आधी रक्तस्राव पकडला. तेव्हाचे जाणकार मानत होते की या मुलांच्या रक्तात गोठणे रोखणारा काही घटक फिरत असावा. फ्रायराइकनी मुलांच्या रक्तात निरोगी माणसाच्या प्लेटलेट मिसळून पाहिल्या, तर दोष दूर झाला. म्हणजे रक्तात काही वाईट मिसळलेले नव्हते. जे हवे तेच कमी होते. ज्येष्ठांना हे पटेना. त्यांनी आकडे मागितले, आणि मला वाटते, ते बरेच झाले. कारण मग लॉरेन्स गेडॉस, फ्रायराइक आणि संख्याशास्त्रज्ञ नेथन मँटेल यांनी वॉर्डातल्या रोग्यांच्या प्लेटलेटची संख्या आणि रक्तस्राव यांचा ताळमेळ मांडला आणि १९६२ साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संख्या जितकी खाली, तितका रक्तस्राव जास्त. आणि २० हजारांच्या वर असताना मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, असे त्यातून दिसले. अमुक आकड्याखाली धोका आणि वर निर्धास्त, अशी ठाम रेषा मात्र सापडली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. तरी पुढे जगभर २० हजारांचा आकडा प्लेटलेट देण्याची रेषा म्हणून रूढ झाला. रात्री-अपरात्री रक्तपेढीत फोन येई, 'काउंट वीसच्या खाली गेलाय', त्यामागे हा असा इतिहास होता.

पण पटणे हा अर्धाच भाग झाला. प्लेटलेट आणायच्या कुठून? साठवलेल्या रक्तात दोन दिवसांत त्या निकामी होत. शिवाय काचेची बाटली, रबरी नळी आणि साधी पोलादी सुई यांना प्लेटलेट चिकटून बसत. रोग्यापर्यंत पोचायच्या आधीच निम्मे काम बुडे. फ्रायराइक आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनचा थर दिलेल्या सुया आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरायला सुरुवात केली. आणि दाते? एका रोगी मुलाचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांनी आपल्या चर्चमधली वीस माणसे रक्त द्यायला आणून उभी केली. मी १९८३ साली नोकरीला लागलो, तेव्हा आम्ही रक्त अजून काचेच्या बाटलीतच घेत होतो. पुढे पिशव्या आल्या आणि एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या करायला शिकलो. त्या दिवशी मला बाईंचा फळा आठवला.

पुढची पायरी यंत्राची. आय.बी.एम. कंपनीतले अभियंता जॉर्ज जडसन यांच्या मुलाला ल्यूकेमिया झाला आणि तो याच संस्थेत उपचार घेऊ लागला. १९६२ साल होते. वडिलांनी पाहिले की दात्याचे रक्त काढून, फिरवून, वेगळे करून, उरलेले परत देण्याचा खटाटोप हाताने चालतो. त्यांनी कंपनीची रजा काढली आणि फ्रायराइकांसोबत रक्तपेशी वेगळे करणारे यंत्र उभे केले. एका हातातून रक्त यंत्रात जाते, गरगर फिरताना हलके-जड घटक वेगळे होतात, हवे ते काढून घेतले जाते आणि बाकीचे परत शरीरात येते. आज 'एस.डी.पी.' म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट घ्यायला आपल्याकडे जी यंत्रे आहेत, ती याच वंशातली. कागदावर या यंत्राचा इतिहास कंपनीचा आहे. खरा तो एका बापाचा आहे.

रक्तस्राव आवरल्यावर मुले काही आठवडे जास्त जगू लागली, आणि मग मूळ रोगाला भिडायला वेळ मिळाला. औषधे एकेक करून आली होती. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिनने मुलांचा ल्यूकेमिया तात्पुरता हटतो, असे दाखवले. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, ते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच घराण्यातले पुढचे औषध मेथोट्रेक्सेट. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचे मर्कॅप्टोप्युरिन आले, प्रेडनिसोन आले, आणि शेवटी व्हिंक्रिस्टिन. हे व्हिंक्रिस्टिन कशातून निघते? सदाफुलीतून! आपल्या शाळेच्या फाटकाजवळच्या वाफ्यात जांभळट गुलाबी फुलांची जी रांग होती, तीच सदाफुली. कार्यानुभवाच्या तासाला आपण तिला पाणी घालायचो. आपला मित्रही घालायचा.

पण एकेका औषधाने रोग महिना-दोन महिने दबे आणि पुन्हा उसळे. अलाबामातल्या हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवर दाखवले होते की औषध दर वेळी ठरावीक टक्के पेशी मारते आणि एकच जिवंत पेशी उरली, तरी तिच्यापासून रोग पुन्हा वाढतो. क्षयरोगात अनेक औषधे एकत्र दिल्यावर जंतूंना पळवाट राहत नाही, हेही तोवर सिद्ध झाले होते. मग ल्यूकेमियात तसे का नको? फ्राय आणि फ्रायराइक यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चारही औषधे एकदम द्यायचे ठरवले. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्या उपचाराला 'व्हॅम्प' म्हणतात.

यावर मोठा गहजब झाला. एकेक औषध इतके विषारी, मग चार एकदम म्हणजे मुलांचा छळ, असे चांगले चांगले डॉक्टर म्हणाले. त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. उपचार सुरू झाले की मूल आधी खरोखर मरणाच्या दारात जाई. मगज रिकामा होई, ताप चढे, जंतुसंसर्ग होई. त्या मधल्या दिवसांत मूल तगत असे ते प्लेटलेटच्या आणि प्रतिजैविकांच्या आधारावर. म्हणून मी म्हणतो, प्लेटलेट आधी आणि चार औषधे नंतर, हा क्रम योगायोग नव्हता. रक्तस्राव थांबवता आला नसता, तर चार औषधांचा प्रयोग करायची हिंमत कोणालाच झाली नसती. रोग दिसेनासा झाल्यावरही फ्रायराइक थांबत नसत. बऱ्या दिसणाऱ्या मुलाच्या हाडात सुई घालून पुन्हा पुन्हा मगज तपासत आणि औषधे चालू ठेवत. आईबाप रडत, तरी ते हटत नसत. आज वाचताना आपल्यालाही ते कठोर वाटतात. पण त्यांच्या वॉर्डातली काही मुले वर्षभरानंतरही खेळत होती, आणि असे पूर्वी होत नव्हते.

तरीही ती पूर्ण जीत नव्हती. बरी झालेली अनेक मुले काही महिन्यांनी डोकेदुखी आणि उलट्या घेऊन परत आली. औषधे मेंदूपर्यंत पोचत नव्हती आणि रोग तिथे लपून बसला होता. ते दार बंद केले मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या डोनाल्ड पिंकेल यांनी. पाठीच्या कण्यातून औषध, डोक्याला किरण आणि दीर्घकाळ एकत्रित औषधे असा संपूर्ण उपचार त्यांनी बसवला. १९७०च्या सुमारास तिथे जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुले वाचतात.

आपल्याकडे मुंबईचे टाटा मेमोरियल १९४१ सालीच सुरू झाले होते. १९८०च्या दशकात टाटा, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने, आपल्याकडच्या साधनांना झेपेल असा एक समान उपचार मुलांच्या ल्यूकेमियासाठी आखला. 'एम.सी.पी. ८४१' हे त्याचे नाव. त्यानंतर आपल्याकडेही वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले.

फ्राय आणि फ्रायराइक १९६५ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात गेले. १९७२ साली दोघांना, इतर सहकाऱ्यांसह, लास्कर पुरस्कार मिळाला. फ्रायराइक नव्वदीच्या जवळ जाईपर्यंत तिथे शिकवत होते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ९३व्या वर्षी ते गेले.

आता ज्या प्रश्नासाठी मी हे सारे लिहायला घेतले, तो विचारतो. आपला मित्र वाचला असता का? नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी हा हिशेब अनेकदा मांडला. १९७४ साली औषधे होती. मेंफिसमध्ये त्याच्याच वयाची मुले वाचत होती. पण आपल्या तालुक्याच्या गावात प्लेटलेट वेगळ्या करण्याची सोय नव्हती, आणि रोग ओळखेपर्यंत दोन महिने गेले होते. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे: कदाचित वाचला असता, कदाचित नसता, पण त्या दिवाळीत, तसा, मेंदूत रक्तस्राव होऊन गेला नसता. आणि नडगीवरचे ते लाल ठिपके पाहून कोणीतरी घाबरायला हवे होते. आपण मुले होतो. आपल्याला ठाऊक नव्हते. आज आपल्या नातवंडांच्या बाबतीत 'ठाऊक नव्हते' म्हणायची सोय नाही. मुलाचा घोळणा वारंवार फुटत असेल, लागल्याशिवाय काळेनिळे डाग उठत असतील, अंगावर लाल ठिपके आणि बारीक ताप असेल, तर कांदा हुंगवू नका. त्याच दिवशी रक्ततपासणी करा.

आणि एक विनंती. आपल्या मेळाव्यात दर वर्षी रक्तदान शिबिर होते, ते चांगलेच आहे. पण तांबड्या पेशी शीतपेटीत महिनाभर टिकतात. प्लेटलेट मात्र खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवून, जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून वर्षातून एकदाचे शिबिर त्यांच्या कामाचे नाही. त्यांना हवी असते यादी: कोणाला, केव्हाही, फोन करता येईल अशा माणसांची. आपण सारे पासष्टीच्या उंबरठ्यावर आहोत. द्यायचे आपले वय सरत आले. पण आपली मुले, सुना, जावई, आणि शाळेच्या मागाहूनच्या तुकड्या आहेत. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी मी एक वही घेऊन बसणार आहे. त्यात नाव, रक्तगट आणि दूरध्वनी क्रमांक एवढेच लिहायचे आहे. रक्तपेढीशी माझे बोलणे झाले आहे.

त्या चर्चमधून वीस माणसे आली होती. आपल्या तुकडीत आपण बेचाळीस होतो. वहीच्या पहिल्या पानावर मी आपल्या मित्राचे नाव लिहून ठेवले आहे. त्याखाली तुमच्या घरातले एकेक नाव यावे, एवढीच इच्छा.